रुग्णाची फाइल आता मोबाइलमध्ये : कोणतं ॲप कशासाठी, आणि सावध कुठे राहायचं?

कर्जत / खालापूर : सरकारी दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘आधीचे कागद आणलेत का?’ कागद असतात, पण घरी. पत्र्याच्या पेटीत, पिशवीत, नाहीतर पावसाळ्यात भिजून एकमेकांना चिकटलेले.

समजा, कळंबच्या पुढच्या एखाद्या वाडीतल्या साठीतल्या आजींना बीपी आहे, शुगर आहे. त्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवतात. तिथून त्यांना कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात. दुखणं वाढलं की अलिबागचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर थेट मुंबईचं जे. जे. किंवा केईएम. खालापूरकडच्या रुग्णाचं तेच. चौकचं ग्रामीण रुग्णालय, मग पनवेल, मग पुढे. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो. ‘कोणती गोळी चालू आहे?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘ती पांढरी, छोटी.’

या एका उत्तरामुळे रक्ताची तीच तपासणी पुन्हा होते आणि दिवस जातो. कधी त्याहून वाईट होतं. एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे हे नव्या डॉक्टरला कळतच नाही. फोनमधल्या आरोग्य ॲपचा खरा उपयोग इथेच आहे. ॲप आजार बरा करत नाही. पण रुग्णाची माहिती रुग्णाच्याच हातात राहते आणि पुढच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कोणतं सरकारी ॲप कशासाठी आहे, ते पुढे एकेक करून दिलं आहे.

आभा : १४ आकडी आरोग्य खातं

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालं. त्यात प्रत्येकाला १४ आकडी आभा क्रमांक काढता येतो. आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरला की क्रमांक तयार. पैसे लागत नाहीत. घरात फोन एकच असला तरी एकाच मोबाइल नंबरवर एकापेक्षा जास्त जणांचे आभा निघू शकतात.

बऱ्याच जणांचा घोळ इथे होतो : आभा आणि आयुष्मान कार्ड या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आभा म्हणजे तुमच्या आरोग्याच्या नोंदींचं खातं. त्यावर मोफत उपचार मिळत नाहीत. मोफत उपचाराचं कार्ड वेगळं, त्याची माहिती खाली आहे.

आभाचा उपयोग दोन प्रकारे होतो. ज्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीजवळ आभाचा क्यूआर कोड लावलेला असतो, तिथे आभा ॲपमधून तो स्कॅन करायचा. नाव, वय, पत्ता आपोआप खिडकीवर पोहोचतो आणि टोकन मिळतं. रांगेत उभं राहून नाव सांगायचं काम वाचतं. ही सोय २०२२ पासून आहे, पण प्रत्येक रुग्णालयात अजून नाही. त्यामुळे जाताना आधार कार्ड आणि जुना केसपेपर जवळ ठेवावाच.

दुसरा उपयोग नोंदींचा. रुग्णालयाची संगणक यंत्रणा आभाला जोडलेली असेल तर तिथला रिपोर्ट किंवा औषधाची चिठ्ठी तुमच्या खात्याला जोडता येते. नोंद मूळ रुग्णालयातच राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती पाहायची असेल तर तुमच्या फोनवर परवानगीची विनंती येते. तुम्ही ‘हो’ म्हटलं तरच ती दिसते, आणि दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. आभा काढणं ऐच्छिक आहे. क्रमांक नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.

रुग्णालय जोडलेलं नसेल तर? तरी अडत नाही. आपल्याकडचे रिपोर्ट फोनने स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये स्वतः अपलोड करता येतात. फोन हरवला तरी तोच नंबर दुसऱ्या फोनवर चालू करून खातं उघडतं. फोनच्या गॅलरीतले नुसते फोटो मात्र फोनबरोबरच जातात. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ई-संजीवनी : घरबसल्या सरकारी डॉक्टर

लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये, केंद्र सरकारने रुग्णांसाठी ई-संजीवनी ओपीडी सुरू केली. ॲपमध्ये मोबाइल नंबर टाकून नोंदणी करायची, राज्य म्हणून महाराष्ट्र निवडायचं, विभाग निवडायचा. टोकन मिळतं, नंबर आला की व्हिडिओवर डॉक्टर बोलतात. शेवटी औषधाची चिठ्ठी फोनवरच उतरवून घेता येते. सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.

कशासाठी वापरावं? सर्दी-खोकला, त्वचेचं दुखणं, चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांबद्दलचा प्रश्न, रिपोर्ट समजून घेणं, पुढे कोणाकडे दाखवायचं हे ठरवणं. छातीत दुखणं, श्वास लागणं, साप चावणं, पोटात मार लागणं यासाठी ते नाही. पोटाला हात लावून बघणं, छातीला नळी लावणं हे व्हिडिओवर होत नाही. दूरसल्ल्याबाबतचे केंद्राचे नियम मार्च २०२० मध्ये आले. त्यानुसार गुंगीच्या आणि सवय लावणाऱ्या काही औषधांची चिठ्ठी ऑनलाइन देता येत नाही. डॉक्टरांनी नकार दिला तर ते टाळाटाळ करतात असं समजू नये.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी उपकेंद्राचा रस्ता आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर असा फलक असलेल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, असतात. तेच ई-संजीवनीवरून वरच्या डॉक्टरांशी जोडून देतात, बीपी मोजतात आणि डॉक्टरांना आकडा सांगतात. म्हाताऱ्या माणसांसाठी ही पद्धत घरच्या व्हिडिओपेक्षा बरी पडते.

मोफत उपचाराचं कार्ड

रायगड जिल्हा या बाबतीत सुरुवातीपासूनचा. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. पुढे २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. आता दोन्ही योजना एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं, आणि पांढरं रेशनकार्ड असलेली कुटुंबंही त्यात आली आहेत.

कार्डासाठी ‘आयुष्मान’ नावाचं सरकारी ॲप आहे. त्यात लाभार्थी म्हणून लॉगिन करून कुटुंबातल्या व्यक्तींची नावं शोधता येतात आणि आधारच्या ओटीपीने किंवा चेहऱ्याच्या पडताळणीने ई-केवायसी करता येतं. घरातली कोणी व्यक्ती ७० वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल तर तिचं वय वंदना कार्ड वेगळं निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड पुरतं.

दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एक, योजना फक्त यादीतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठी चालते. नेहमीच्या ओपीडीची फी आणि गोळ्या त्यात धरत नाहीत. दोन, रुग्णाला दाखल करायच्या वेळीच योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला भेटायचं. बिल भरून झाल्यावर ‘आमचं कार्ड आहे’ असं सांगितलं तर फार उशीर झालेला असतो. घरून निघण्याआधीच रुग्णालय यादीत आहे का, हे ॲपवर किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारून घ्यावं. केंद्राच्या योजनेचा क्रमांक १४५५५ आहे.

गोळ्यांचा खर्च : जनऔषधी सुगम

बीपी आणि शुगरच्या गोळ्या आयुष्यभर चालतात आणि दर महिन्याचा खर्च जड जातो. मग माणूस एक दिवसाआड गोळी घेतो. घरातल्या कोणाला ते कळत नाही, आणि एक दिवस लकव्याचा झटका येतो.

२०१९ मध्ये आलेल्या ‘जनऔषधी सुगम’ ॲपमध्ये औषधाचं मूळ नाव टाकलं की जनऔषधी केंद्रातली किंमत दिसते आणि जवळचं केंद्र कुठे आहे तेही कळतं. ही औषधं ब्रँडेड औषधांपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात, असं सरकार सांगतं. गोळीच्या पाकिटावर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ नाव छापलेलं असतं, ते बघायचं. नाव आणि मिलिग्रॅम, दोन्ही जुळले पाहिजेत. तरीही बदल करण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला एकदा दाखवावं. सरकारी दवाखान्यात ज्या गोळ्या फुकट मिळतात त्या आधी तिथूनच घ्याव्यात.

वीटभट्टीवर गेलं तरी नोंद सोबत

कर्जत-खालापुरातली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा दुसऱ्या कामावर बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सहा-सात महिने बाहेर. या काळात बाळाचा डोस चुकतो, क्षयरोगाची औषधं मध्येच तुटतात. नव्या गावातल्या नर्सला आधी काय झालंय ते माहीत नसतं. डिजिटल नोंदीचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला होऊ शकतो, तर या कुटुंबांना.

लसीकरणासाठी ‘यू-विन’ आहे. करोनाच्या वेळी कोविन होतं, तसंच हे बाळांच्या आणि गरोदर बायांच्या नेहमीच्या लसींसाठी आहे. आईच्या मोबाइल नंबरवर बाळाची नोंद झाली की देशात कुठल्याही सरकारी केंद्रात पुढचा डोस घेता येतो. झालेल्या लसींचं प्रमाणपत्र फोनवर मिळतं. बाहेरगावी निघण्याआधी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे जाऊन एवढंच विचारावं : ‘बाळाची नोंद यू-विनवर आहे का, आणि कोणत्या नंबरवर आहे?’

क्षयरोगासाठी ‘निक्षय’ ही सरकारी नोंद आहे. टीबीचं निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. साध्या टीबीचे उपचार सहा महिने चालतात, मध्ये खंड पडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. गाव बदलायचं असेल तर निघण्याआधी आरोग्य केंद्रात सांगायचं. त्याच क्रमांकावर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग होतात आणि गोळ्या तिथे मिळतात. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला मिळणारे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाले आहेत. ते थेट बँक खात्यात येतात, म्हणून खातं चालू असल्याची खात्री करावी. टीबीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

फोनवर नोंद असली तरी माता-बाल संरक्षण कार्ड आणि टीबीचं कार्ड सोबत न्यायचंच. भट्टीवर चार्जिंग मिळेल याचा भरवसा नसतो.

साध्या फोनवरही चालतं : किलकारी

सगळं काही स्मार्टफोनवरच आहे असं नाही. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत आईच्या फोनवर ७२ आवाजी संदेश येतात. त्या त्या महिन्यात काय खायचं, कोणती तपासणी करायची, धोक्याची लक्षणं कोणती, हे त्यात सांगितलेलं असतं. ॲप नको, इंटरनेट नको, वाचताही यायला नको. आशाताईंनी गरोदर बाईची नोंद करताना तिचाच नंबर लिहिला पाहिजे, एवढीच अट. नवऱ्याचा नंबर दिला आणि तो दिवसभर खोपोलीला कंपनीत असला, तर संदेश ऐकणार कोण?

मनावरचा ताण, झोप न येणं, जीव नकोसा वाटणं यासाठी ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर दिवस-रात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

फोन काय मोजू शकत नाही

बोट कॅमेऱ्यावर ठेवा आणि बीपी बघा, घड्याळ बांधा आणि शुगर बघा, अशा जाहिराती सतत येतात. त्यांच्या नादी लागून गोळी कमी-जास्त करणं जिवावर बेतू शकतं. सुई न टोचता रक्तातली साखर मोजण्याचा दावा करणारी स्मार्ट घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. बीपीसाठी दंडाला पट्टा बांधणारं यंत्र लागतं, शुगरसाठी रक्ताचा थेंब लागतो.

फोन नोंद ठेवायला मात्र उत्तम. उपकेंद्रात बीपी मोजला की आकडा आणि तारीख लगेच लिहून ठेवायची. तीन महिन्यांचे आकडे एका खाली एक दिसले की डॉक्टरला गोळी ठरवणं सोपं जातं. गोळीची वेळ लक्षात राहावी म्हणून वेगळं ॲप लागत नाही, फोनमधला गजर पुरतो.

ओटीपी, लिंक आणि व्हॉट्सॲप ग्रुप

आरोग्याच्या नावाने फसवणूक वाढते आहे. पुढच्या गोष्टी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवाव्यात.

• ‘आयुष्मान कार्ड तयार आहे, ही फाइल उघडा’ असा व्हॉट्सॲप मेसेज आला आणि फाइलच्या नावात शेवटी एपीके असेल, तर ती उघडायची नाही. सरकारी ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं, आणि बनवणाऱ्याच्या जागी सरकारी संस्थेचं नाव आहे का ते बघायचं.

• आभा क्रमांकाला पैसे लागत नाहीत. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, तो स्वतःला डॉक्टर म्हणवत असला तरी.

• दुसऱ्याकडून कार्ड काढून घेताना ओटीपी सांगावाच लागतो. अशा वेळी समोर बसून काम करून घ्यायचं आणि मेसेज नीट वाचायचा. बँकेचा ओटीपी वेगळा असतो.

• पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नये. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

• आईचा रिपोर्ट, सुनेचा सोनोग्राफीचा कागद, कोणाच्या टीबीचं निदान हे गावच्या ग्रुपवर टाकायचं नाही. सल्ला हवा असेल तर तो फक्त डॉक्टरला किंवा आशाताईंना पाठवायचा. फोन घरात चार हातांत फिरत असेल तर आरोग्याच्या ॲपला वेगळा पिन लावावा.

रेंज नाही, फोन एक, आणि आजींना वाचता येत नाही

डोंगरपायथ्याच्या काही वाड्यांत घरात रेंज मिळत नाही, टेकाडावर जावं लागतं. म्हणून ॲप उघडून दाखवू, या भरवशावर दवाखान्यात जाऊ नये. रेंजमध्ये असतानाच महत्त्वाचे कागद फोनमध्ये उतरवून ठेवावेत. आणखी एक उपाय जुनाच, पण खात्रीचा : एका छोट्या चिठ्ठीवर नाव, वय, आजार, चालू गोळ्यांची मूळ नावं, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर आणि आभा क्रमांक लिहायचा. ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डासोबत ठेवायची. तिचाच फोटो मुलाच्या आणि सुनेच्या फोनमध्ये असावा. फोन असलेला मुलगा कामावर असताना आजींना चक्कर आली, तर शेजाऱ्याच्या हातात निदान ती चिठ्ठी असेल.

ज्यांच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर आहे, त्यांचं पुढचं सगळं अडतं. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्यावा, मग आभा आणि आयुष्मान कार्डाच्या मागे लागावं.

जीव धोक्यात असेल तर ॲप नाही, १०८

साप चावला, अपघात झाला, छातीत कळ आली, बाळंतपणात रक्त जायला लागलं, तर ॲप शोधत बसायचं नाही. १०८ लावायचा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी २०१४ पासून आहे. फोनवर गावाचं नाव, वाडीचं नाव आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते ती खूण सांगायची : शाळा, देऊळ, फाटा. वाडीपर्यंत रस्ता नसेल तर रुग्णाला फाट्यापर्यंत आणायची तयारी फोन करतानाच सुरू करायची. गरोदर बाई आणि लहान बाळासाठी १०२, आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४. साप चावलेल्या माणसाला चालवायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही.

आजच करता येतील अशी पाच कामं

१. घरातल्या प्रत्येकाच्या आधारला चालू मोबाइल नंबर आहे का ते बघा.

२. घरात ज्यांना कायमची गोळी चालू आहे, त्यांचा आभा क्रमांक आधी काढा.

३. शेवटचे तीन रिपोर्ट आणि शेवटची चिठ्ठी उजेडात सपाट ठेवून स्कॅन करा, डिजिलॉकरमध्ये चढवा.

४. आयुष्मान कार्ड निघालंय का ते ॲपवर तपासा. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर वय वंदना कार्डही काढा.

५. १०८, १०४, १५५३८८ आणि आपल्या आशाताईंचा नंबर फोनमध्ये नावाने साठवा. घरातल्या शाळकरी मुलांनाही ते नंबर कुठे आहेत ते दाखवून ठेवा.

यातलं काही जमत नसेल तर उपकेंद्रातल्या सीएचओ किंवा आशाताईंना विचारावं. जाताना आधार कार्ड, आधारला जोडलेला नंबर ज्यात आहे तो फोन, आणि पेटीतले जुने कागद, असतील तेवढे, सोबत न्यावेत.